तापानं मेला म्हणे

पेपर आला मंगळवारी, आणि केझाया प्रुइटचं डोकं फिरलं तेही मंगळवारीच.

परसात मोठ्या कढईत कपडे उकळत होते. केझाया दांडक्यानं ते ढवळत होती. तेवढ्यात शाळेची मास्तरीण मिस ओरा कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात जिल्ह्याचा पेपर होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"केझायामावशी, तुमच्या माणसाचं नाव छापून आलंय!"

"माझ्या माणसाचं? कशाबद्दल?"

जज्ज लॅटिमोर डोंगराकडच्या पलटणीचा इतिहास लिहीत होते. पलटण कधी उभी राहिली, कुठं कुठं लढली, कोण पडलं, कोण परत आलं, सगळं त्यात येणार होतं. पुस्तक निघण्याआधी एकेका कंपनीची नामावली ते पेपरात छापत होते. काही चूक असली तर घरच्यांनी कळवावं, असं खाली लिहिलेलं होतं. लढाईत हेच लॅटिमोर बी कंपनीचे कॅप्टन होते, त्यामुळे बी कंपनीची यादी त्यांनी सगळ्यांत आधी दिली होती.

ओरानं बोट ठेवून वाचलं, "प्रुइट, लिअँडर. भरती, मे अठराशे बासष्ट. व्हर्जिनियातल्या छावणीत तापानं मृत्यू, सप्टेंबर त्रेसष्ट."

केझायाचं दांडकं थांबलं. "परत वाच."

ओरानं परत वाचलं.

"कसला ताप म्हणे?"

"एवढंच लिहिलंय, मावशी."

"बारा बंदुकांचा ताप असतो, तो लिहिलाय का बघ जरा."

ओरा गोंधळली. ती तिकडची, खालच्या सपाटीवरची. इथं येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. केझायानं दांडकं कढईत तसंच सोडलं, हात पुसले आणि पेपर मागून घेतला. वाचता तिला येत नव्हतं. पण त्या काळ्या ओळींकडे ती अशी बघत राहिली, की ओरा दोन पावलं मागं सरकली.

सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. बासष्टच्या वसंतात दक्षिणेच्या सरकारचा सक्तीच्या भरतीचा कायदा आला, तेव्हा लॅटिमोर घोड्यावर बसून खोऱ्यात आला होता. चर्चपुढच्या ओंडक्यावर उभा राहून त्यानं शब्द दिला होता, "मका काढायच्या आत तुम्हाला घरी आणून सोडतो." ज्यांच्या घरी वीस गुलाम होते, त्यांच्या एका माणसाला भरतीतून माफी होती. खोऱ्यात वीस सोडा, एक गुलामसुद्धा कुणाच्या घरी नव्हता. बी कंपनीत एकशे चार जण गेले. पहिला हिवाळा संपायच्या आत बावीस गोवरानं आणि हगवणीनं गेले. नंतर चॅन्सलर्सव्हिलला एकोणीस, गेटिसबर्गला पंधरा. मका काढून झाला, दुसरा पेरून झाला, पण लॅटिमोरनं एकही माणूस घरी आणून सोडला नाही.

मग लिअँडर आला. आपणच चालत, तीन आठवडे. तेव्हा केझाया चोवीस वर्षांची होती. दारात उभा असलेला तो सांगाडा कोण, हे तिला आधी ओळखूच आलं नाही. अकरा दिवस तो राहिला. रायचं पीक कापलं, छपराच्या फळ्या बदलल्या. आणि बाराव्या दिवशी गिरणीच्या दारावर कागद लागला. पाद्रीबुवांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला: पलटण सोडून घरी गेलेल्यांनी वीस दिवसांत परत यावं, अध्यक्षांनी त्यांना माफी दिली आहे.

लिअँडर म्हणाला, "जातो, केझी. असं रानात लपूनछपून किती दिवस जगायचं? माफीचा शब्द आहे." गावातल्या भरती अधिकाऱ्यापुढं मुदतीत हजर होऊन त्यानं माफीच्या कागदावर तारीख आणि सही घेतली, तो घडी करून टोपीच्या अस्तरात घातला आणि निघाला.

सप्टेंबर संपताना पलटणीच्या पाद्रीचं पत्र आलं. पळून गेल्याच्या गुन्ह्यासाठी लिअँडर प्रुइट याला पलटणीसमोर गोळ्या घालण्यात आल्या, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.

पुढच्या वसंतात डेल्फी जन्मली. ती पोर शाळेत गेली ती पळपुट्याची पोर म्हणून. चर्चमध्ये प्रुइटांच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. डेल्फीनं लग्न केलं ते डोंगरापलीकडे टेनेसीत, जिथं हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

"सदतीस वर्षं पळपुटा म्हणत आलात," केझाया पेपराला म्हणाली. "आणि आता तापानं मेला? दोन्ही खोटं, रे चोरांनो!"

*

तिचा धाकटा भाऊ ईनॉक हेन्सली ओढ्यापलीकडे राहायचा. तोही बी कंपनीतलाच. एक पाय अधू घेऊन पासष्टला परत आला तेव्हापासून खुर्च्या विणायचा आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायचा. फारसं बोलायचा नाही. केझाया पोहोचली तेव्हा तो अंगणात सालीच्या पट्ट्या भिजवत बसला होता.

"खेचर जुंप. गावात जायचंय."

तिचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "राहू दे ना, केझी. चांगलंच केलंय त्यांनी. नाव धुऊन निघालं."

"नाव मळलंच नव्हतं, धुताय काय? तो आपल्या पायांनी परत गेला होता. माफीचा कागद होता त्याच्याजवळ. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"कागदाचं आता कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. तू नुसता शेजारी उभा राहा. तू कंपनीतला आहेस. बाईमाणसाचं ऐकणार नाहीत, तुझं तरी ऐकतील."

"मी तेव्हा इस्पितळात होतो. तुला सांगितलंय मी."

"तरी चल."

ईनॉकनं नाही नाही म्हणत खेचर जुंपलं. बहिणीपुढं त्याचं कधी काही चाललं नव्हतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. केझायानंच त्याला वाढवलं होतं.

*

कोर्टाच्या वरच्या मजल्यावर जज्जसाहेबांची खोली होती. भिंतीवर पलटणीचं फाटकं निशाण काचेत बसवलेलं, टेबलावर कागदांचे गठ्ठे. जज्ज लॅटिमोर पांढऱ्या दाढीचा, गोड आवाजाचा माणूस. बाई आत आली तसा तो उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची पुढं केली. केझाया बसली नाही.

"यादीत चूक आहे. चूक असली तर कळवा म्हणालात. मी कळवायला आलेय."

"केझायाबाई," जज्ज म्हणाला, "ती चूक नाही. मी तुमच्यासाठीच तसं लिहिलंय. तुम्हाला मुलगी आहे, नातवंडं आहेत. कशाला त्यांच्या माथी तो डाग?"

"डाग कुणाचा?"

"झालं गेलं..."

"तो परत आला होता की नाही? स्वतःच्या पायांनी? वीस दिवसांच्या आत? एवढं सांगा, कॅप्टन."

जज्जसाहेबांना खूप वर्षांत कुणी असं नुसतं कॅप्टन म्हणून दटावलं नव्हतं. "लष्करी कोर्टापुढं तसा काही पुरावा आला नाही," तो म्हणाला. "पकडून आणला होता, असं नोंदीत आहे."

"नोंद लिहिली कुणी? तुम्हीच ना? मग आता तुम्हीच दुसरी लिहा. लिहा, की लिअँडर प्रुइट माफीच्या शब्दावर परत आला आणि आम्ही त्याला मारला. ताप नको मला. तुमची दया नको. मी भीक मागायला आलेली नाही."

"हा पलटणीचा इतिहास आहे, बाई. पलटणीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"मग तुमच्या इभ्रतीला माझा माणूस आड येतोय. विचारा माझ्या भावाला. कंपनीतलाच आहे. विचारा, लिअँडर पळपुटा होता का!"

ईनॉक दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. जज्जानं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजातला गोडवा गेला.

"हेन्सलीला विचारू म्हणता? जरूर. तू सांग हेन्सली, त्या दिवशी तू कुठं उभा होतास? सांगितलं आहेस ना बहिणीला? बारा जणांची नावं माझ्याकडे आहेत. मी ती छापलेली नाहीत. तीही छापू का?"

केझायानं वळून भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या हातातली टोपी पिळवटून दोरीसारखी झाली होती. तिला विचारावं लागलं नाही.

ती जिना उतरली. खाली कोर्टाच्या पायऱ्यांशी एक म्हातारा झाडत होता. आयशम त्याचं नाव. लॅटिमोरांच्या घरचा पूर्वीचा गुलाम. लढाईत कॅप्टनचा स्वयंपाक करायला त्याला नेलं होतं. केझाया त्याला तोंडओळखीनं जाणत होती, पण उभ्या आयुष्यात त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

झाडू न थांबवता, तिच्याकडे न बघता, तो हळूच म्हणाला, "खिडकी उघडी होती, बाई. सगळं ऐकू आलं."

केझाया थांबली.

"तुमचा माणूस पहाटे आला. एकटाच. पकडून आणणारं कुणी नव्हतं. मी चुलीवर कॉफी ठेवली होती, एक पेला त्याला दिला. त्यानं टोपीतून कागद काढून कॅप्टनला दिला. कॅप्टननी वाचला, दोनदा वाचला, आणि माझ्या किटलीखाली सारला."

"जाळला?"

"कंपनीतले तीस जण पळाले होते. जनरल कॅप्टनला जाब विचारत होता. कुणाला तरी उदाहरण करायचं होतं, आणि तो आयता चालत आला." त्यानं पाचोळा एका बाजूला ओढला. "माझंही नाव आहे त्या पुस्तकात. इमानी नोकर, असं लिहिलंय. मला विचारलं नाही कुणी. गेटिसबर्गनंतर मी दोनदा पळायला बघितलं, त्याची खूण पाठीवर आहे. ते नाही लिहिलं. हे मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. यंदा आम्हा काळ्या लोकांचं मत काढून घ्यायचं चाललंय, साध्या बोलण्याचीसुद्धा किंमत मोजावी लागतेय."

"नाही म्हणणार," केझाया म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही. आभार मानायचे राहिले, हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं, आणि त्याचाही तिला राग आला.

*

चार मैल मागं पडले. मग ईनॉकच म्हणाला, "गोळ्या घालणारे निवडायला चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. कॅप्टननं नाव घेऊन मला पुढं काढलं. मेव्हणा आहे म्हणून मुद्दाम. इतरांना दहशत बसावी म्हणून."

केझाया रस्त्याकडे बघत होती.

"नाही म्हटलं असतं तर मलाही त्या खांबाला बांधलं असतं, केझी."

"मग बांधून घ्यायचं होतंस."

खेचर चालत राहिलं.

"बारांतल्या सहा बंदुकांत नुसतीच दारू भरलेली होती," तो म्हणाला. "गोळी नव्हती. कुणाच्या कुठली, कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी कुठली होती ते..."

"ईनॉक." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "आठ वर्षांचा होतास तेव्हापासून खारी मारतोयस. भरल्या बंदुकीचा धक्का खांद्याला कळत नाही तुझ्या?"

त्यानं लगाम दुसऱ्या हातात घेतले. मग म्हणाला, "कळतो."

"थांबव गाडी."

तिनं त्याच्या हातातले लगाम काढून घेतले. "उतर."

"केझी, अजून चौदा मैल आहेत. माझा पाय..."

"तो व्हर्जिनियापासून चालत आला होता. दोनदा चालला. एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुमच्या त्या शब्दासाठी. उतर! पस्तीस वर्षं माझ्या ताटात जेवलास. दर रविवारी. मक्याची भाकरी वाढली तुला मी, काकवी वाढली, आणि तू मान खाली घालून खात होतास. मला वाटायचं, माझा भाऊ अबोल आहे!"

ईनॉक उतरला. तिनं खेचराला हाकलं आणि मागं वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर तिनं त्याच्यासाठी खिडकीत दिवा ठेवला नाही, आणि त्यामुळे तिची झोपही उडाली नाही. ती गाढ झोपली. राग आला की तिला झोप यायची.

*

ऑगस्टमध्ये कोर्टापुढच्या पटांगणात पलटणीचा मेळावा भरला. लांबच लांब टेबलं, डुकराचं भाजलेलं मांस, टरबुजं, बँडवाले. म्हातारे शिपाई करड्या कोटांत पुढच्या बाकांवर बसले होते. कुणाला हात नाही, कुणाला दात नाही. केझाया मिस ओराबरोबर आली आणि मागं, एका झाडाखाली उभी राहिली.

जज्जसाहेबांनी पुस्तकातला भाग वाचायला घेतला. पलटणीची कूच, पलटणीचा हल्ला, पलटणीचं शौर्य. ऐकताना बायका डोळे टिपत होत्या. मग त्यांनी बी कंपनीतल्या मृतांची नावं घेतली. प्रत्येक नावाला ढोलावर एक ठोका पडायचा.

"प्रुइट, लिअँडर. छावणीत, तापानं."

"खोटं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. केझाया झाडाखालून पुढं निघाली होती. "खोटं आहे ते! माफीच्या शब्दावर परत आलेल्या माणसाला यांनी गोळ्या घातल्या. त्याचा कागद यांनी जाळला. विचारा त्यांना, तोंडावर विचारा!"

"बाईंना ऊन लागलंय," जज्ज म्हणाला. "कुणीतरी पाणी द्या त्यांना." आणि त्यानं बँडवाल्यांकडे हात केला.

ढोल वाजला, पाठोपाठ बासऱ्या. दोन दांडगे स्वयंसेवक केझायाच्या अंगावर येऊ लागले. आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक माणूस उठला. ईनॉक होता तो. त्या दिवसानंतर बहिणीनं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याला ओरडायची सवय नव्हती. आवाज मध्येच फाटला. तो ढोलवाल्यापाशी गेला आणि त्यानं ढोलाच्या कातड्यावर आपला हात ठेवला, त्यामुळे ढोल थांबला.

"ती खरं बोलतेय," तो म्हणाला. "ताप नव्हता. आम्ही बारा जणांनी मारलं त्याला, आणि माझ्या बंदुकीत गोळी होती. तो आपणहून आला होता. मला कागद दाखवला होता त्यानं, पहाटे कॅप्टनकडे जायच्या आधी. हसला होता. म्हणाला, आता सुटलो."

बारांतले अजून तिघं जिवंत होते आणि तिघंही तिथंच बसलेले होते. एकानं डोळे मिटून घेतले. दुसरा आपल्या बुटांकडे बघत राहिला. तिसरा उठून ईनॉकजवळ आला. वाटलं, हा काहीतरी बोलणार; पण तो ईनॉकच्या पायाशी थुंकला आणि जागेवर जाऊन बसला.

"पुढचं नाव," जज्ज म्हणाला. ढोलवाल्यानं ईनॉकचा हात बाजूला केला. ढोलावर ठोका पडला आणि यादी पुढं चालू झाली.

*

पुस्तक डिसेंबरात आलं. शाळेला एक प्रत फुकट मिळाली. मिस ओरा ती घेऊन केझायाकडे आली खरी, पण उघडेना.

"काय लिहिलंय?"

"मावशी, यादीत आता एकशे दोनच जण आहेत. तुमच्या माणसाचं नाव नाही. ईनॉककाकांचंही नाही."

केझाया हसली. "म्हणजे आमच्या घरचं कुणी गेलंच नव्हतं म्हणायचं. बरं झालं. बस. पहिल्यापासून वाच."

"सगळं?"

"सगळं."

ओरानं दोन तास वाचलं. केझाया चुलीपुढं उभी राहून ऐकत होती. एकदाही बसली नाही. कूच, हल्ला, शौर्य. इमानी नोकर. मग ती ओळ आली: "सप्टेंबर महिन्यात पलटण नदीकाठी छावणीत होती. उल्लेख करण्याजोगं काही घडलं नाही."

"ते परत वाच."

"उल्लेख करण्याजोगं काही घडलं नाही," ओरानं वाचलं, आणि पुस्तक मिटून ती रडू लागली. केझायानं तिला रडू दिलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

ईनॉकला आता कुणी विचारत नव्हतं. खुर्च्यांची गिऱ्हाइकं तुटली. दुकानात तो आला की जुने सोबती बाहेर जायचे. मेळाव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तो बहिणीच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. तिनं आत बोलावलं नाही. ताट आणून ओसरीच्या कडेला ठेवलं, आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तसंच चाललं होतं. तो ओसरीवर जेवायचा, ताट धुऊन पालथं घालायचा आणि जायचा.

पुस्तक वाचून झालं त्या रविवारी केझाया ताट घेऊन बाहेर आली, पण आत गेली नाही. थंडी मी म्हणत होती. ती खांबाला टेकून उभी राहिली.

"शेवटी काय म्हणाला तो?"

ईनॉकचा घास हातातच राहिला.

"डोळे बांधायच्या आधी त्यानं मला शोधलं," तो म्हणाला. "म्हणाला, झऱ्याचा दगड सरकलाय, हिवाळ्यात पाणी गढूळ होईल. केझीला उचलायचा नाही. तू बसव."

केझायाला आठवलं. पासष्टच्या जूनमध्ये हा लंगडत घरी आला, तेव्हा पाणीसुद्धा न पिता पहिल्यांदा झऱ्यावर गेला होता. दोन तास तो दगड ढकलत होता. तिला तेव्हा वाटलं होतं, पोराला लढाईनं वेड लागलंय.

"आणि हे पस्तीस वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर कुठं उभा राहून ऐकलं, तेही सांगावं लागलं असतं."

"लागलंच असतं!" ती किंचाळली. "लागलंच असतं, मेल्या! शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं तुला, पण त्याचे शब्द माझे होते. माझे होते ते, तुझे नव्हते. तू ते जवळ ठेवून घेतलेस."

ईनॉकनं मान हलवली. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं.

ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. बाहेर ईनॉक ताटावर हात धरून बसून राहिला. जेवण गार झालं होतं, पण त्यानं ते संपवलं.